वेचताना नाव घ्यायचं नाही

माझी थोरली जाऊ यमुना डाव्या हातानं लिहिते. उजवा माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे तिच्याच नवऱ्यानं मोडला होता. आता तो जुळलाय. त्या हातानं ती पोळ्या लाटते, धुणं आपटते, पत्ताकोबीचा गड्डा बोलता बोलता चिरून टाकते. पण लिहायला उभी राहिली की पेन डाव्या हातात. नागपूरहून कोणी फोन करून विचारतं, यमुनाताई जन्मापासून डावखुऱ्या का? मी म्हणते, नाही बाप्पा, नवऱ्याच्या कृपेनं झाल्या. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. जिवंत होते तेव्हा बोलायची छाती नव्हती, मेल्यावर बोलू नये. मग बोलायचं तरी कधी?

मी मीना, या घरातली धाकटी सून. सौंसरच्या शाळेत शिकवते, रोज पांढुर्ण्याहून बसनं जाते-येते. घरात माझा नवरा अमित, सासरे भगवंतराव, ज्यांना आम्ही दोघी मामाजी म्हणतो, आणि यमुनाताई. घर जाम नदीच्या काठावर. गच्चीवर उभं राहिलं की पलीकडे सावरगाव, आणि सावरगावात ताईचं माहेर इतकं जवळ, की तिच्या आईच्या दोरीवरची लुगडी मोजता येतात. माहेर इतक्या जवळ असू नये. माझं तिगावला आहे. तिथे रेल्वे गाड्या थांबतात, गोटे येत नाहीत.

नागपूरचा एक प्रकाशक ताईच्या गोष्टींचं पुस्तक काढतोय. त्यातली शेवटची गोष्ट गेल्या दिवाळीत एका अंकात आली होती. तिच्यात तिनं आपल्या सख्ख्या भावाचं नाव घेतलं, मंगेशचं. आपला नवरा ज्या गोट्यानं मेला तो मंगेशनं मारला, असं सरळ लिहिलं. पुस्तकात ते नाव राहायला नको, असं दोन्ही काठांचं म्हणणं होतं. राहिलं तर तिला जिवंत ठेवणार नाही, असंही काहींचं म्हणणं होतं, आणि आमच्याकडे असं बोलणारे नुसते बोलून थांबत नाहीत.

बाहेरच्यांना हे कळत नाही, म्हणून सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. पांढुर्ण्याचे गडी कुऱ्हाड घेऊन झाड तोडायला पाण्यात उतरतात आणि सावरगावचे त्यांना गोट्यांनी मागे रेटतात. इकडूनही गोटे जातातच. कधीकाळी इकडच्या पोरानं तिकडची पोरगी पळवून आणली आणि दोघं नदीतच गोट्यांनी मेले, त्याचं हे चालू आहे म्हणतात. बंदोबस्त येतो, डॉक्टर येतात, आता जिल्हा झाल्यापासून आकाशात ड्रोनसुद्धा फिरतो. मोबाईलवर सगळं दिसतं. फक्त गोटा कोणाचा, ते दिसत नाही. आणि दिसलं तरी बोलायचं नाही. डोकं फुटो, डोळा जावो, माणूस जावो. चंडीमातेची भभूत लावायची आणि गप्प बसायचं. दुसऱ्या दिवशी फोडणारा आणि फुटलेला एकाच टपरीवर चहा पितात. सोयरिकी होतात. नाव घेतलं तर दोन्ही गावांत खून पडतील, म्हणून गोट्याला नाव नसतं. हा नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या जिवावरच दोन गावं शेजारी राहिली.

यमुनाताईनं तो पहिल्यांदा मोडला तेव्हा ती पाचवीत होती.

मध्य प्रदेशातलं गाव, शाळा हिंदी, घर मराठी. गुरुजींनी निबंध दिला, मेरा प्रिय त्योहार. बाकीच्या पोरींनी दिवाळी लिहिली, फटाके वाजवले. हिनं गोटमार लिहिली. नुसती लिहिली नाही, तर कोणाच्या गोट्यानं कोणाचा जबडा गेला, कोणी कोणाच्या गुडघ्याची वाटी फोडली, सगळं नावानिशी लिहिलं. गुरुजींनी वर्गात वाचायला घेतला आणि अर्ध्यात थांबले. पट्टी मोडेपर्यंत मारलं. घरी बापानं राहिलेलं पूर्ण केलं. ताई सांगते, निबंध हिंदीत होता, मार मराठीत पडला. बाप मारताना एकच म्हणत होता, "गोटमारीत नाव नाई घेत पोरी, नाव नाई घेत."

तोच बाप तिला गोटे वेचायला शिकवत असे. पोळ्याच्या संध्याकाळी बैल फिरून आले की बापलेक नदीत उतरायचे. त्यांच्या घरी ते काम पोरीचं, मारायचं काम पोराचं. मुठीत मावला पाहिजे. पापुद्र्याचा नको, तो हवेत फुटतो. चपटा नको, तो भरकटतो. वरची माती धुऊन घ्यायची, नाहीतर हातातून निसटतो. काळ्या गोट्यांत कधी कधी एखादा पांढऱ्या रेघेचा सापडायचा, तो वजनाला पक्का म्हणून मंगेशसाठी वेगळा ठेवायचा. मंगेश तिच्याहून दोन वर्षांनी लहान, पण नेमाला सावरगावात पहिला. आणि बापाचा एक नियम होता. वेचताना मनात कोणाचं नाव आणायचं नाही. गोटा नदीचा, मारणारा चंडीमायचा, वेचणारीनं मुकं राहायचं.

लग्न होऊन ती नदी ओलांडून आमच्याकडे आली आणि तिचा नवरा झाडाकडे जाणाऱ्यांतला निघाला. सुरेश भासरे. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, अंगात ताकद, मित्रांत लाडका. वर्षातून एक दिवस कुऱ्हाड घेऊन नदीत उतरायचे, आणि उरलेल्या वर्षात ती ताकद घरात खर्चायचे. पिऊन आले की आधी भांडी, मग बायको. मी नवीन नवीन आले तेव्हा अमितला म्हटलं, तुम्ही मधे का पडत नाही? तो म्हणाला, मोठा भाऊ आहे. मामाजी टीव्हीचा आवाज वाढवायचे. आमच्या घरात त्या काळात बातम्या फार मोठ्यानं लागत.

त्या वर्षी श्रावणात भासरे ओसरीत कुऱ्हाडीला नवा दांडा बसवत होते. ताईनं जेवायला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा जवळ जाऊन म्हणाली, "भाकर थंडी होऊन राहिली ना." त्यांनी दांडा उचलला आणि तिच्या मनगटावर मारला. कसला राग नव्हता, भांडण नव्हतं. हातात दांडा होता म्हणून मारला. हाड मोडल्याचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा. दवाखान्यात सांगितलं, मोरीत घसरली.

पलस्तर घातल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "मीना, मले कागद आन व थोडे. एका बाजूनं कोरे असले तरी चालते."

"कायले?"

"डाव्या हातानं लिहिता येते का, पाहून राहिली."

मी शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका आणून दिल्या. मागची बाजू कोरी. त्यावर तिनं वाकडीतिकडी अक्षरं काढली, बालवाडीतल्या पोरासारखी. मला वाटलं, बाई वेळ घालवते आहे. एकदा ओट्यावरचा कागद उचलून वाचला तर लिहिलं होतं, 'दांडा बाभळीचा होता. नवा होता. पहिला घाव माझ्यावर झाला.' इतकंच होतं, पुढे काही नाही. सामाजिक शास्त्राच्या पेपरच्या मागे.

पोळ्याला ती दरवर्षीप्रमाणे माहेरी गेली, गळ्यात पलस्तरातला हात अडकवून. बाप तोवर वारला होता, पण गोटे वेचायचं काम तिच्याकडेच होतं. इकडच्या सुनेनं तिकडच्या भावासाठी गोटे वेचायचे, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. भासरे उलट चेष्टा करायचे, "वेच वेच, तुया भावाचा गोटा अजून मले शिवला नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. दुपारी आम्ही दोघी गच्चीवर होतो. सगळं गाव गच्चीवर होतं. ढोल चालले होते, पाण्याला पूर नव्हता. भासरे तीन-चार गड्यांबरोबर झाडापर्यंत पोचले. कुऱ्हाड वर उचलली, तिच्या पात्यावर ऊन चमकलं. पलीकडून गोट्यांचा सडा आला. शेजारच्या गड्याच्या तोंडातून रक्ताची चूळ उडाली, एक पाण्यात बसला, भासरे उभेच. दुसरा घाव घालायला वळले आणि कानशिलावर गोटा बसला. ते पडले नाहीत आधी. कुऱ्हाड पडली. मग ते झाडाला मिठी मारल्यासारखे खाली घसरले. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण ते लाल झालेलं आम्हाला वरून दिसलं. तरीही गोटे थांबले नाहीत, त्यांना उचलून नेणाऱ्यांवरही पडत राहिले. ताईनं माझा दंड इतका घट्ट धरला की आठवडाभर बोटं उमटलेली होती.

नागपूरच्या वाटेवर ॲम्ब्युलन्समध्ये भासरे गेले. संध्याकाळी अमित घरी आला तेव्हा त्याच्या हातात एक गोटा होता. भावाच्या डोक्याशी पडलेला त्यानं कधी उचलला, कशाला उचलला, त्याला सांगता येईना. त्यानं तो अंगणात भिरकावला. पुढे कोणीतरी तो मागच्या दाराला अडण म्हणून लावला, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून. काळा गोटा, त्याला पांढरी रेघ.

मयतीला मंगेश आला. सगळ्यांहून जास्त तोच रडला. खांदा दिला. कोणी त्याला काही विचारलं नाही, त्यानंही कोणाला काही सांगितलं नाही. मामाजींनी त्याला जवळ घेतलं.

ताई कितीतरी महिने बोलली नाही. मला वाटलं, सुटली ही, तर रडत का नाही, हसत का नाही? मग एक दिवस पलस्तर कधीच निघालेला उजवा हात मोकळा असताना तिनं पेन डाव्या हातात घेतलं आणि म्हणाली, "कागद आन." त्यानंतर थांबलीच नाही.

तिची लिहायची रीत सांगते. लेखकाला खोली लागते, टेबल लागतं, असं मी वर्गात शिकवते. हिला ओटा लागतो. दुपारी मामाजी झोपले की ती ओटा पुसते, हात धुते आणि उभ्यानं लिहिते. राग आला असेल त्या दिवशी लिहीत नाही. आधी सगळं धुणं काढते, मोगरीनं आपटते, अगदी धुतलेले पडदे पुन्हा धुते. राग धुण्यात गेला की मग ओट्याशी येते. म्हणते, "रागात लिहिलं का नुसत्या शिव्या येते." एक वाक्य लिहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. मी असले तर माझ्याकडे वळून विचारायचं, "लागलं का?" मी म्हणते, नाही. मग ती त्यातला एक शब्द काढते. पुन्हा, लागलं का? आणखी एक काढते. वाक्य मुठीत मावलं पाहिजे, माती निघाली पाहिजे. मी एकदा म्हटलं, ताई, जरा उपमा-बिपमा घाला, नदीचं वर्णन घाला. ती म्हणाली, "नदीचं काय वर्नन करू व? नदी हाय." मी एम.ए. मराठी.

गोष्टी नागपूरच्या रविवारच्या पुरवणीत येऊ लागल्या. मी शाळेत टाइप करून पाठवायची. घरात कोणाला पत्ता नव्हता, कारण आमच्या घरात पेपर फक्त भाव पाहायला उघडतात. पुरवणीवर मामाजी नखं कापायचे. त्यांच्या सुनेच्या गोष्टीवर त्यांची नखं पडलेली मी पाहिली आहेत.

मग गेल्या दिवाळीची ती गोष्ट आली. 'गोटा मंगेशचा होता. मी ओळखला. तो माझा भाऊ आहे.' टाइप करताना मी तिला फोन केला होता, ताई, नाव बदलू का? ती म्हणाली, "राहू दे." अंक सावरगावच्या एका मास्तरांच्या हाती लागला, त्यांनी त्या पानाचा फोटो मोबाईलवर फिरवला. दोन दिवसांत ज्यांनी जन्मात गोष्ट वाचली नव्हती त्यांनीही वाचली. आमच्याकडे कथा म्हणून कोणी वाचली नाही, जबानी म्हणून वाचली. ठाण्यातला एक हवालदारही येऊन गेला. "मैडम, रिपोर्ट लिखानी है क्या?" ताई म्हणाली, "नहीं, कहानी लिखी है." तो बिचारा सुटल्यासारखा पाणी पिऊन गेला.

गाव काही पाणी पिऊन गेलं नाही. रविवारी भर दुपारी पुलावरून पोरं आली. आमच्या आळीची पोरं त्यांना येऊन मिळाली. पहिला गोटा खिडकीची काच फोडून देव्हाऱ्यात पडला. मग पत्र्यावर, दारावर, टाकीवर. अमितच्या कपाळाला लागला, रक्त डोळ्यात गेलं. आम्ही दोघी पलंगाखाली. ताई खालून बाहेर बघत होती आणि मला म्हणाली, "पाय, दोनी गावचे एका बाजूनं मारून राहिले." खरंच होतं. सावरगाव आणि पांढुर्णा जन्मात पहिल्यांदा एकत्र उभे होते. मला त्या वेळी हसू फुटलं, पलंगाखाली, अंगभर काचा पडलेल्या असताना.

पोरं गेल्यावर मामाजी उठले. आम्हाला वाटलं, ते पोरांना शिव्या देतील. त्यांनी ताईचा अंबाडा धरला, ओढत अंगणात नेली आणि काठीनं मारली. "माह्या पोराच्या मौतीचा तमाशा केला! गोटमारीत नाव घेते?" ज्याचा पोरगा गेला त्याला मारणाऱ्याचं नाव नको होतं. मी मधे पडले, माझ्या पाठीवरही दोन बसल्या. अमितनं या वेळी मात्र बापाचा हात धरला, त्याचं एवढं पुण्य. मामाजींनी ओट्यावरचे सगळे कागद पाणी तापवायच्या बंबात घातले. त्या संध्याकाळी आम्ही त्याच पाण्यानं आंघोळी केल्या. दुसऱ्या दिवशी मी सौंसरहून नव्या प्रश्नपत्रिका आणल्या.

तेव्हापासून मंगेश दिसला नाही. टपरीवर येत नाही, बाजारात येत नाही, असं कानावर यायचं. लोक त्याला काही बोलत नव्हते. नुसते त्याच्या हाताकडे पाहायचे.

यंदाच्या पोळ्याला तो आला. दुपारची वेळ, गल्लीत बैलांच्या झुली निघाल्या होत्या. ताई माहेरी गेली नव्हती, ओट्याशी पोळ्या लाटत होती. प्रकाशकाकडून शेवटचं तपासायला आलेली ती गोष्ट फळीवर होती, माझ्या हातची टाइप केलेली. मामाजी आतल्या खोलीत पडले होते. मंगेश मागच्या दारानं आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"बाई, पुस्तकातून माहं नाव काढ."

"बस. पानी घे."

"पानी नाई पाहिजे मले." त्याचा आवाज चढला. "पोरगी म्हनते, बाबा, तुमीच फुफाजीले मारलं का. माहीच पोरगी! मी नेम धरून नोहता मारला बाई, चंडीमायची आन. तिथं दिसते का कोनाले कोन हाय?"

"मले माहीत हाय."

"मंग कायले लिहिलं?" त्यानं तिची मान धरली आणि कपाळ ओट्यावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. पिठात रक्त पडलं. मी हाताला लागलं ते लाटणं घेऊन त्याच्या पाठीत घातलं, पण तो हलला नाही. "काढ म्हनतो ना! आत्ता काढ, नाई त इथंच..."

ताई तशीच वाकलेली, ओट्याला गाल लावून म्हणाली, "त्या दाराचं अडन पाय मंगेश."

त्यानं पाहिलं. पांढऱ्या रेघेचा गोटा. त्याचा हात सुटला. तो जवळ जाऊन उकिडवा बसला, पण शिवला नाही.

"हा तुया हातात कोनं देला?" ताईनं पदरानं कपाळ दाबलं.

"कोनं देला म्हंजे? ढिगात होता. ढीग तूनंच लावला ना."

"त्या वर्षी माहा उजवा हात पलस्तरात होता. डाव्या हातानं वेचले. तू तिकडं बैलं धूत होता. हा सापडला, आन मी नाव घेतलं."

मंगेशला आधी कळलं नाही. मला कळलं.

"कोनाचं नाव?"

ताई भिंतीवरच्या फोटोकडे पाहत होती. भासऱ्यांच्या फोटोला त्या दिवशी ताजा हार होता, तिनंच घातलेला. "त्यायचं. मनात नाई, आवाज काढून घेतलं. त्यायले लागू दे, जोरानं लागू दे, असं म्हनलं. आन तुया गोट्यात हा सगळ्यात वर ठेवला."

गल्लीत ढोल वाजत होता. मंगेशनं विचारलं, "कोनाले सांगतलं हे?"

"कोनालेच नाई. तीन डाव लिहिली ती गोष्ट. दर डाव तिथं आली का हात थांबे. मंग तुयं नाव टाकलं आन पुढं गेली. मी भेली मंगेश. म्हनून तुले पुढं केलं." ती पहिल्यांदा रडली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "आता काढतो तुयं. पन तिथं माहं घालाव लागन."

मंगेश उठला. ज्या हातानं तिची मान धरली होती त्याच हातानं तिचं कपाळ पुसायला लागला. पीठ आणि रक्त कालवलं गेलं. "नको घालू," तो म्हणाला. "माहंच राहू दे बाई. माह्यावर लोक थुकतीन, तेवढंच. तुले जित्ती जाळतीन. राहू दे माहं नाव, मी सांगतो ना, राहू दे."

मघाशी नाव काढ म्हणून जीव घ्यायला आलेला माणूस आता ते ठेव म्हणून पाया पडत होता. मला दोघांचा राग आला आणि दोघांना पोटाशी धरावंसं वाटलं.

तेवढ्यात आतल्या दारात काठी वाजली. मामाजींनी सगळं ऐकलं होतं. सत्तरीचा माणूस काठी वर उचलून ताईसमोर उभा राहिला. मंगेश मधे यायला लागला तर तिनं त्याला बाजूला केलं आणि डावा हात ओट्यावर, पोळपाटाशेजारी ठेवला. "ह्यानं वेचला मामाजी. ह्यानंच लिहितो."

मामाजींनी मारली. पूर्ण ताकदीनं मारली. दोन बोटं तिथंच वाकडी झाली. मग काठी टाकून ते जमिनीवर बसले आणि सुरेशच्या नावानं हंबरडा फोडला. भासरे गेले त्या दिवशीही त्यांनी असा फोडला नव्हता. ताई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांनी तिला ढकललं नाही, जवळही घेतलं नाही.

काल गोटमार झाली. झेंडा कोणी तोडला, किती फुटले, ते आज पेपरात आलं आहे. मंगेश नदीवर गेला नाही. सावरगावचा गडी गोटमारीच्या दिवशी पांढुर्ण्याच्या घराच्या पायरीवर बसून होता, रिकाम्या हातानं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या शिव्या खात. मी म्हटलं, आत या. तो म्हणाला, "पुस्तक येईपर्यंत सवय करून घेतो ताई." मामाजी आतून बाहेर आले नाहीत. पण दुपारी मी ताट वाढलं तेव्हा आतूनच म्हणाले, "भायेर बसला त्याले देलं का?"

ताईच्या डाव्या हाताला पलस्तर आहे. उजव्या हातानं लिहा म्हटलं तर म्हणाली, हा माहा नाई, घरचा हाय. म्हणून मी शाळेचा लॅपटॉप ओट्यावर ठेवला. नदीकडून ओरडा येत होता, पत्र्यावर एखादा चुकार गोटा येऊन आदळत होता. ती नेहमीसारखी उभी राहिली, उजव्या हातानं ओटा पुसला, आणि मोठ्यानं म्हणाली, "गोटा मी वेचला. वेचताना नवऱ्याचं नाव घेतलं."

माझी बोटं थांबली. दारात बसलेल्या मंगेशची पाठ मला दिसत होती. मी म्हटलं, ताई, अजून वेळ आहे.

"टाइप कर."

मी केलं. मंगेशचं नाव खोडलं, तिथे तिचं वाक्य आलं. ती माझ्याकडे वळली, कपाळावर पट्टी, गळ्यात हात, आणि दरवेळी विचारते तसंच विचारलं, "लागलं का?"

मी म्हटलं, "लागलं."

तिनं त्यातला एकही शब्द काढला नाही.